तीन रिकामी वर्षं

अठरा कोटी ही रेषा.
आम्ही तिच्या चाळीस लाख वर,
रात्रीचे पावणेनऊ, बाराला नोंदणी बंद,
एसीखालची बादली तिसऱ्यांदा भरलेली.
खिडकीतून कुपरेजच्या दिव्याचा एकच खांब दिसतो.
आज तोही विझलेला.

मी हिशेबाची बाई.
ऑफसाइड मला अजून धड कळत नाही,
पण कुणाचा गुडघा किती लाखांचा
ते तोंडपाठ.

रणधीर कारंडे. लेफ्ट बॅक. वय तेहतीस.
पगार नव्वद, करार उरला या एका मोसमाचा.
त्याला समोर बसवून पाठकोऱ्या कागदावर रेघा मारल्या :
तीस पगारच राहू दे,
साठांना बोनस म्हणू.
बोनस आजच तुमच्या खात्यात,
आमच्या वहीत मात्र चार वर्षांवर पसरलेला,
पंधरा, पंधरा, पंधरा, पंधरा.

"म्हणजे मला कमी न्हाई?"
एक रुपयाही नाही. उलट आधी मिळतात.
"मग कमी कुणाला?"
या प्रश्नाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

आणि वर्ष तर एकच, चार कुठून आणली?
लिहिली.
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.
त्यांत खेळायचं नाही, सरावाला यायचं नाही,
पट्टी बांधायची नाही, शिव्या खायच्या नाहीत.
फक्त नाव.
तुम्ही गेलात की तिन्ही एकदम
पुढच्या मोसमाच्या डोक्यावर कोसळतात,
पण ते आमचं आम्ही बघू, म्हणाले मी.
असं म्हणायची पद्धत आहे.

त्यानं एकोणतीसवर बोट ठेवलं.
नख काळं पडलेलं, कुणाच्या तरी बुटाखाली.
"आमच्या पेठेत," म्हणाला,
"वस्तादांचं नाव दूधवाल्याच्या वहीत अजून हाय.
जाऊन सहा वर्षं झाली.
कोण भरत न्हाई,
आणि कोण खोडत बी न्हाई."

मग पाणी प्यायला. मग विचारलं,
हे सगळं मोकळं करताय ते कुणासाठी?

संघासाठी, असं म्हणता आलं असतं.
ओठावर आलंही होतं.
मी म्हणाले, सुहैल मुकादम. मालवणीचा.
एकोणीस वर्षांचा. साडेचार लाख.
"डावा पाय?"
डावाच.

एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं.
मी उगाच स्टेपलर उघडला, मिटला.

"पोरगं चांगलं हाय," शेवटी म्हणाला,
"मागं पळताना मान वळवून बघत न्हाई, तेवढंच.
सांगतो त्याला उद्या."

सही त्यानं सावकाश केली,
शाळेत करायचा तशी, पूर्ण नाव,
वडिलांचं धरून.
चौथ्या पानावर थांबला.
"ह्या पानाची झेरॉक्स द्या, मॅडम.
आईला दाखवतो.
म्हणती, पुढं काय करणार, पुढं काय करणार.
बघ म्हणावं,
एकोणतीसपर्यंत हाय मी मुंबईत."

खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता,
त्याला हाक मारून थांबवलं.
दोन रुपये मी दिले.
ते कुठल्याच खात्यावर टाकले नाहीत.

अकरा बावीसला नोंदणी झाली.
पाच लाखांची जागा, साडेचारांचा मुलगा,
उरले पन्नास हजार :
रेषेखाली आमचा श्वास एवढाच.

जूनमध्ये नवे साहेब आले.
तक्त्यावरून पेन्सिल फिरवत खाली खाली उतरले,
एका ओळीशी अडकले.
हे पंचेचाळीस लाख कसले?
हा कारंडे कोण? कुठं खेळतो?

खाली मैदानावर सराव चालू होता.
कुणीतरी मागं धावता धावता
मान वळवून बघत होतं.

डावीकडे, म्हणाले मी.